सिमेंटचाही रस तपासतात!

उसाला कोयता लावण्यापूर्वी रसाचा थेंब टाकून ब्रिक्स पाहतात. ऊस दिसायला कितीही जाडजूड असो, खरे काय ते रस सांगतो. हे सभासद बंधूंना आम्ही सांगायला नको. काँक्रीटचाही असाच ‘रस’ काढून तपासतात, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. पाण्याची टाकी, गोठा, नवे घर अशी बांधकामे आपल्याकडे सारखी चालू असतात, म्हणून हा विषय घेत आहोत.

माल कालवला की काही मिनिटांतच त्यातले पाणी साधे पाणी राहत नाही. सिमेंटमधला चुना, जिप्सम, सोडियम-पोटॅशियमचे क्षार त्यात उतरतात. ओला माल गाळून हे पाणी वेगळे काढतात आणि कशाचे प्रमाण किती ते मोजतात. पहिल्या दिवसभरात पाण्यातले बरेचसे सल्फेट सिमेंटमध्ये बांधले जाते आणि सामू १३ च्या आसपास चढतो. चुन्याच्या निवळीचा सामू साडेबाराच्या आत-बाहेर असतो, म्हणजे हे पाणी तिच्याहूनही जहाल. माल दगडासारखा झाला तरी बारीक छिद्रांत ते राहतेच. ते काढायला तुकडा पोलादी साच्यात घालून दर चौरस सेंटिमीटरला कित्येक टन दाब द्यावा लागतो. या पद्धतीवर फ्रान्समधील संशोधकांनी १९७३ साली लिहिले, तर १९८१ साली अमेरिकेतील बार्नीबॅक व डायमंड यांनी. एवढा खटाटोप करून हाती येते ते काही मिलिलिटर पाणी. उताऱ्याच्या हिशेबाने पाहिले तर हा चरक तोट्यातच जायचा!

पण काँक्रीट किती टिकेल याचा अंदाज त्या थेंबांतून येतो. २८ दिवसांनी ठोकळा फोडला तर ताकद कळते. आतली सळई गंजेल का, ते कळत नाही. जहाल पाण्यात सळईवर पातळ संरक्षक थर बसतो. क्लोराइड वाढले की तो फुटतो. हौसमन यांनी १९६७ साली प्रयोगांवरून दाखवले, की क्लोराइड हायड्रॉक्साइडच्या सुमारे ०.६ पट झाले की गंजाचा धोका सुरू होतो. प्रत्यक्ष काँक्रीटमध्ये हा आकडा मागेपुढे होतो, कारण काही क्लोराइड सिमेंट स्वतःच बांधून ठेवते. मोकळे उरते तेच घातक.

क्षार जास्त म्हणजे चांगलेच, असेही नाही. काही जातींची खडी या जहाल पाण्यात फुगते आणि काँक्रीट तडकते. कॅलिफोर्नियात स्टँटन यांनी १९४० साली हे उघड केले. आपल्या देशात रिहंद व हिराकूड धरणांवर हा दोष आढळला आहे.

आता आपल्या बांधाकडे येऊ. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी वारेमाप पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ. गवंडी तेच पाणी मालात घालतो, कारण ते हाताशी असते. २००० सालच्या आयएस ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे. २,००० चे पाणी गोणीला २५ लिटर घातले, तर गोणीमागे ५० ग्रॅम क्लोराइड आपण स्वतःच्या हाताने स्लॅबमध्ये कोंडतो. ते नंतर काढता येत नाही. वरून गिलावा केला, रंग दिला, तरी आतले आत चालूच.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी खास. काकवीचे, मळीचे पिंप पाण्याला वापरू नये. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरसुद्धा माल घट्ट होणे लांबवते.

सिमेंटचा रस काढणे घरी जमणार नाही. पाणी तपासणे जमते. पंप थोडा वेळ चालवून, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून नमुना घ्यावा. शेतीच्या पाण्याच्या अहवालात क्लोराइड बहुधा मिली-इक्विव्हॅलंटमध्ये असते. तो आकडा १४ च्या वर दिसला, की स्लॅबसाठी टँकर सांगावा.