फर्नेस बंद पडली? आधी फिल्टर बघा

अमेरिका-कॅनडातल्या मंडळींनो, थंडी सुरू होतेय, तळघरातल्या फर्नेसकडे जरा लक्ष द्या. गरम हवा येईना की बरेच जण थेट मेकॅनिकला फोन लावतात. त्याआधी थर्मोस्टॅटची बॅटरी, ब्रेकर आणि फर्नेसचं झाकण तपासा. झाकण सैल असलं तर आतला सुरक्षा स्विच मशीन चालूच होऊ देत नाही.

मग फिल्टर. १ इंची फिल्टर साधारण १ ते ३ महिन्यांनी बदलायचा, त्यावरचा बाण फर्नेसकडे ठेवून. तो धुळीने तुंबला की आतला हीट एक्स्चेंजर जास्त तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो.

मला सगळ्यात आवडतो तो फ्लेम सेन्सर! बर्नर पेटतो, काही सेकंदांत विझतो, पुन्हा पेटतो, असं चाललं असेल तर बहुधा या बारीक दांडीवर पुटं चढलेली असतात. ज्वालेची खूण मिळाली नाही की फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गॅस तोडतो. वीज आणि गॅस बंद करून ही दांडी बारीक स्टील वूलने अलगद पुसायची, बस्स.

याच्या पलीकडचं गॅसचं काम मात्र जाणकारालाच करू द्या. ज्वाला निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली तर फर्नेस लगेच बंद करा. बर्फ पडल्यावर फर्नेसच्या हवेचे आणि धुराचे भिंतीबाहेरचे पांढरे पीव्हीसी पाइप मोकळे करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर अलार्म हवाच. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. फोनसुद्धा बाहेर गेल्यावरच करा.