पस्तीस ग्रॅम समुद्र

१८४६ साली लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ घरी आणले. बाईंचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्मगुरू होते. समुद्र दूर, वीज नाही, पंप नाही. पाण्यात हवा मिसळायला हवी हे बाईंना कळत होतं, म्हणून घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायची. पुढच्या वर्षी त्यांनी त्या पाण्यात समुद्री शेवाळ वाढवलं आणि प्रवाळ काही वर्षं जगले. इतिहासात नाव बाईंचं राहिलं, मोलकरणीचं कुणी लिहून ठेवलं नाही. तिचं काम आज मुठीएवढी मोटर करते.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं समुद्री मासे पाळणं हा प्रामुख्याने मत्स्यालयांचाच उद्योग राहिला. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी रंगीत समुद्री मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. घरच्या टाकीचा मार्ग खऱ्या अर्थाने दाखवला तो जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली. गाळण्याची यंत्रं बाजूला ठेवून त्यांनी टाकीत समुद्रातले सच्छिद्र, जिवाणूंनी भरलेले दगड रचले आणि हवेचे बुडबुडे सोडले. पाणी दगडांनीच स्वच्छ ठेवलं. आज दुकानात ‘रीफ टँक’ म्हणून जे दिसतं, त्याचा पाया हाच.

आपल्याकडे हा छंद सुरू करण्याआधी मात्र कायदा वाचायला हवा. तो वाचलेला माणूस मला दुकानाच्या काउंटरच्या अलीकडे क्वचित भेटतो आणि पलीकडे त्याहून क्वचित. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघही याच अनुसूचीत आहे. समुद्रघोडेही २००१ सालीच त्यात आले. म्हणजे अंदमान-लक्षद्वीपहून पिशवीत घालून आणलेला मेल्या प्रवाळाचा पांढरा तुकडासुद्धा शोकेसमध्ये ठेवण्याची वस्तू नाही. मुंबईत सागरी किनारा रस्त्याचं काम चालू असताना, २०२० मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या अठरा वसाहती आड आल्या. छोट्याच होत्या, पण त्या हलवायला वन विभागाची परवानगी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना यावं लागलं. ‘साहेब, इंपोर्टेड माल आहे’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा हे आठवावं. परदेशातून येणाऱ्या दगडी प्रवाळांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, आणि कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीतले जिवंत प्राणी जवळ असले तर त्यांची नोंदणी करावी लागते. कागद दाखवा म्हटलं की विषय बहुधा माशांच्या खाद्याकडे वळतो.

माझं मत विचाराल तर दगडी प्रवाळ सोडून द्यावेत. त्यांच्याशिवायही टाकीत पाहण्यासारखं पुष्कळ असतं. नवशिक्याच्या हातून सगळ्यात आधी मरतात तेही दगडी प्रवाळच.

आता टाकी. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी घ्यावी. काठोकाठ भरली तर सुमारे १२० लिटर, दगड-वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी शंभर लिटरच्या आसपास. याहून लहान टाकी स्वस्त दिसते आणि महाग पडते, कारण थोड्या पाण्यात प्रत्येक चूक मोठी होते. दगड, वाळू, काच मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे टीव्हीचं कपाट तिला चालत नाही. खिडकीतलं ऊन नको. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता जमिनीवर ठिबकतं. खारं पाणी आणि वीज एकाच कपाटात असताना घरात गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी नसेल तर आधी तो बसवून घ्या आणि मगच पुढचं वाचा.

खरा विषय पाण्याचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात खाण्याचं मीठ बरंच असतं, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हेही ठरलेल्या प्रमाणात असतात. म्हणून स्वयंपाकघरातलं मीठ किंवा मिठागरातलं जाडं मीठ इथे कामाचं नाही. मत्स्यालयासाठी तयार केलेलं मिश्रण मिळतं. शंभर लिटरला ते साडेतीन ते चार किलो लागतं. बादलीत आधी पाणी, मग मीठ, आत छोटा पंप सोडून रात्रभर फिरवायचं. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजायची. ‘समुद्र दहा मिनिटांवर आहे, कॅन भरून आणतो’ म्हणणारे मुंबईत पुष्कळ भेटतात. त्या कॅनमध्ये समुद्राबरोबर गाळ, सांडपाणी आणि शहराचा बराच इतिहास येतो.

गोडं पाणी कुठलं, हा प्रश्न त्याहून अडचणीचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. फॉस्फेट आणि सिलिकेटही असू शकतं, त्यावर शेवाळ माजतं. मग सहज सुचतं, घरचा आरओ आहे की! पण घरगुती आरओ यंत्रं चवीसाठी थोडे क्षार परत पाण्यात सोडतात. हल्ली तर ‘आरोग्यदायी तांबं’ मिसळणारी यंत्रं घरोघरी आली आहेत. माणसाला ते तांबं मानवत असेल, पण कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळाच्या जातीचे सगळेच जीव फार थोड्या तांब्याने मरतात. तांब्याच्या हंड्यातलं पाणीही त्याच कारणाने नको. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडून टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घ्यायचं. हा खर्च कुणालाच आवडत नाही, कारण तो टाकीत दिसत नाही.

बाष्पीभवनाचं गणितही डोक्यात पक्कं बसायला हवं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं की ३५ ची क्षारता जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून रोज जी भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. खारं पाणी फक्त आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना.

दगड जिवंत प्रवाळखडकातून तोडलेले नकोत. कृत्रिम, सच्छिद्र, कोरडे दगड मिळतात. वाळू ॲरागोनाइटची घ्यावी. कोकणातल्या किनाऱ्यावरून पिशवी भरून आणण्याचा मोह टाळावा. दगड थेट काचेवर टेकवून रचावेत आणि वाळू नंतर घालावी, नाहीतर बिळं करणारा जीव खालची वाळू उपसतो आणि रचना कोसळते.

यानंतर महिना-दीड महिना टाकीत एकही मासा नसतो. पाहुणे येतात, रिकाम्या पाण्याकडे बघतात आणि घरच्या मंडळींकडे सहानुभूतीने पाहतात. पण टाकी तयार होते ती याच काळात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. या जिवाणूंना दगडांच्या छिद्रांत वस्ती करायला वेळ लागतो. घरच्या विरजणासारखंच आहे: जिवाणूंची बाटली विकत आणून काम लवकर सुरू होतं, पण ढवळून लवकर होत नाही. सुरुवातीला अमोनियाचे थेंब किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा टाकायचा आणि चाचणीच्या कुप्यांमध्ये रंग पाहत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि पुन्हा अमोनिया घातल्यावर एका दिवसात परत शून्यावर गेले, की वस्ती झाली. मग सगळ्या दगडांवर तपकिरी थर चढतो. तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा. घाबरून घासू नका, काही आठवड्यांत आपसूक जातो.

परदेशी पुस्तकांत हीटरवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. महाराष्ट्रात हीटरची गरज काही भागांत, तीही थंडीपुरतीच. आपल्याला वर्षातले बहुतेक महिने जाच आहे तो उष्णतेचा. टाकीला २५-२६ अंश मानवतात, आणि मे महिन्यात खोलीच ३३ वर असते. प्रवाळवर्गातल्या बऱ्याच जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देतं. पाणी फार तापलं की हा संसार मोडतो: शैवाल बाहेर पडतं आणि जीव पांढरा पडतो. पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पुण्या-नागपुरात कोरड्या हवेत हा उपाय चालतो. मुंबई-रत्नागिरीत हवाच ओलसर, पाणी उडायला तयार नसतं. तिथे चिलर घ्यावाच लागतो, आणि चिलर काढलेली उष्णता त्याच खोलीत फेकतो. घरात कुरकुर सुरू होते ती इथपासून. वीज गेली तर प्राणवायू आधी संपतो, कारण गरम खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. सेलवर चालणारा एअर पंप चिलरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, तो आधी घ्यावा.

दिव्याबद्दल फार बोलत नाही. निळा प्रकाश जास्त असलेला एलईडी, आठ-नऊ तास, टायमरवर, बस.

जीव सोडायचे ते हळूहळू. आधी गोगलगायी, मग क्लाउनफिशची जोडी. ‘फाइंडिंग नीमो’ २००३ साली आला तेव्हापासून हा मासा मुलांना नावाने ठाऊक आहे. चित्रपटाने न सांगितलेली गोष्ट अशी, की हे मासे आधी सगळे नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो. मादी मेली तर तिचा जोडीदार मादी होतो. म्हणून दोन लहान पिल्लं आणली की जोडी आपोआप ठरते. त्यांना समुद्रफुलाची (ॲनिमोनीची) गरज नसते आणि नव्या टाकीत समुद्रफूल टिकतही नाही. ते चालत जाऊन पंपात अडकतं आणि सगळं पाणी नासवतं. क्लाउनफिश हॅचरीतलाच घ्यावा. समुद्रातून पकडलेले मासे पुष्कळदा खायला तयार नसतात, आणि आग्नेय आशियात ते पकडताना सायनाइड फवारल्याची जुनी, नोंदलेली उदाहरणं आहेत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास बसवली आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभी केली आहे.

निळा टँग, म्हणजे ‘डोरी’, मुलांनी कितीही हट्ट केला तरी नको. तो फूटभर वाढतो. मँडरिन हा सगळ्यात सुंदर मासाही नको. तो दिवसभर सूक्ष्म कवचधारी जीव टिपत फिरतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. त्यापेक्षा पिस्तूल कोळंबी आणि तिचा जोडीदार गोबी मासा आणावा. कोळंबीला जवळपास दिसत नाही, पण बीळ खणण्यात ती पटाईत. गोबीला दिसतं, बीळ खणता येत नाही. कोळंबी वाळू बाहेर ढकलताना एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघं आत. या जोडीसमोर टीव्ही बंद पडलेला मी पाहिला आहे.

प्रवाळांच्या जागी मश्रूम आणि झोअँथिड. दगडी सांगाडा नसलेले हे प्रवाळांचे आप्त, रंगाने भडक, आणि मध्यम प्रकाशात सहज पसरणारे. यातल्या काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिजहाल विष असतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि हे जीव चिकटलेला दगड कधीही उकळू नये. वाफेतून विष श्वासात जाऊन अख्खी कुटुंबं आजारी पडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत.

वर्ष-दीड वर्ष निभावलं आणि जोडी रमली, तर एखाद्या दिवशी दगडावर नारिंगी अंडी दिसतात. नर त्यांना परांनी वारा घालत बसतो आणि साधारण आठवड्याने, अंधार पडल्यावर, ती उबतात. पिल्लं वाढवायची तर वेगळी टाकी, जिवंत रोटिफर (सूक्ष्म प्राणी) आणि त्या रोटिफरना खायला शैवाल वाढवावं लागतं. तो वेगळाच संसार आहे, बहुतेक जण त्यात पडत नाहीत.

सगळ्यांना पडतो तो प्रश्न गणपतीचा. घर बंद करून सगळे आठवडाभर गावाला जातात तेव्हा टाकी कोण पाहणार? शेजाऱ्यांना सांगायचं ते इतकंच: काचेवरच्या खुणेपर्यंत साधं आरओ-डीआय पाणी, आणि दिवसाला एक पुडी खाद्य. पुड्या आपण मोजून, तारखा घालून ठेवायच्या आणि खाद्याचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवायचा. शेजाऱ्यांना मासे कायम भुकेलेले वाटतात. उपास माशांना सोसतो, जास्तीच्या खाद्यातून सुटलेला अमोनिया सोसत नाही.