संगणकाला काम सांगा, पण पट्टी मागा

सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकरी हळद आणतो, आडत्याच्या दुकानी उतरवतो आणि पुष्कळदा गावी परत जातो. सौदा, तोलाई, हमाली हे सारे त्याच्या माघारी होते. मग त्याच्या हाती पट्टी येते. किती पोती, किती वजन, काय दर, किती कपात हे वाचूनच तो पैसे मोजून घेतो. माघारी काम सोपविण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. आता संगणकातही असाच एक आडत्या आला आहे. त्याची ओळख आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना व्हावी, असे आम्हाला वाटते.

याला 'कोडिंग एजंट' म्हणतात. साध्या मराठीत काम सांगितले, तरी तो त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम स्वतः लिहितो, चालवून पाहतो, चूक निघाली तर दुरुस्त करतो. अँथ्रोपिक कंपनीचे 'क्लॉड कोड' फेब्रुवारी २०२५ मध्ये आले, तर ओपनएआयचे दूरच्या यंत्रावर काम करणारे 'कोडेक्स' मे २०२५ मध्ये. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी ही साधने निघाली, पण दुकानदाराच्या हिशोबालाही ती उपयोगी पडू शकतात.

मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला हा धंदा. समजा, एखाद्या कारखान्यात दहा वर्षांच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या पडून आहेत. कोणाची सतार, विसार किती, बाकी किती, हे सर्व एका तक्त्यात हवे आहे. चिठ्ठ्यांचे फोटो काढून एजंटला दिले, तर तो एकेक चिठ्ठी वाचून तक्ता भरू शकतो. साताऱ्याकडे महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाहेरच्या बाजारात पाठविणाऱ्या बागवान बांधवांनाही हीच सोय आहे. पाठविलेले बॉक्स आणि आलेल्या पट्ट्या यांचा मेळ घालणारा छोटा प्रोग्रॅम त्यांना करून घेता येईल.

अशा कामाला वेळ लागतो. शेकडो चिठ्ठ्या असतील तर तास-दोन तासही जातील. तोवर संगणक अडवून बसायचे काय? नाही. हे काम 'बॅकग्राउंड'ला, म्हणजे मागे, टाकता येते. ते मागे चालू राहते आणि पुढे त्याच एजंटकडून आजचे बिल करून घेता येते. 'कुठपर्यंत आले?' असे विचारले की तो पाहून सांगतो. थांबव म्हटले की थांबवतो. जुम्याच्या नमाजासाठी दुकान बंद केले, तरी आत काम चालूच असते.

यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात काम आपल्याच संगणकावर चालते. वीज गेली किंवा संगणक बंद केला, तर ते अर्ध्यावर थांबते. दुसऱ्यात ते कंपनीच्या दूरच्या यंत्रावर चालते. तेथे आपला संगणक बंद केला तरी हरकत नाही, पण आपल्या कामाचे कागद दुसऱ्याच्या घरी राहतात. पहिल्या प्रकारातही एजंट जे वाचतो ते इंटरनेटवरून कंपनीकडे जातेच. म्हणून गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक, बँक खाती असे काही त्यात घालू नये.

आता धोक्याची बाजू. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील एका उद्योजकाच्या कामात 'रेप्लिट' कंपनीच्या एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात १,२००हून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. काही बदलू नकोस, असे त्याला बजावले होते. वर, पुसलेले परत मिळणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ते परत मिळवता आले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. समोर बसलेल्या माणसाच्या कामात हे घडले, तर माघारी चाललेल्या कामात काय होईल याचा विचार करावा.

आपल्या वहीत फक्त आपले पैसे नसतात. त्यात दुसऱ्याचा हक्क असतो. हाताने लिहिलेला १ यंत्राने ९ वाचला, तर एखाद्या गरीब गिऱ्हाइकाच्या नावावर न घेतलेली उधारी चढते. ती यंत्राने चढवली, ही सबब आपल्याला अल्लाहपुढे देता येणार नाही. कुरआनच्या सूरह बकरहमधील २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. लिहिणारा बदलला, ताकीद बदललेली नाही.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. मूळ फाइल कधीही देऊ नये, तिची नक्कल द्यावी आणि मूळ वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. वाचण्याची परवानगी द्यावी. पुसण्याची किंवा कोणाला संदेश पाठविण्याची देऊ नये. काम सांगताना पट्टीही मागावी: किती चिठ्ठ्या वाचल्या, किती वाचता आल्या नाहीत, कोठे शंका आली, हे सर्व वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेव, असे आधीच बजावावे. शेवटी निदान वीस-पंचवीस नोंदी मूळ चिठ्ठीशी स्वतः ताडून पाहाव्यात आणि एकूण बेरीज जुळवावी. उधारीची मागणी करण्यापूर्वी तर ती नोंद मूळ चिठ्ठीशी ताडलीच पाहिजे.

घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर सुरुवात त्यांच्या हातून करावी. आधी एका महिन्याच्या चिठ्ठ्या द्याव्यात, दहा वर्षांच्या नंतर. आडत्या कितीही जुना असला तरी शहाणा शेतकरी पट्टी न वाचता घडी घालत नाही. हा आडत्या तर कालच दुकानात आलेला आहे.