स्मशानातली बारा वर्षं

एटापल्लीहून आलापल्लीच्या सागवनातून आष्टीमार्गे चामोर्शीकडे निघालं, की पुढे वैनगंगेच्या काठी मार्कंडा लागतं. नदी इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून लोक या जागेला विदर्भाची काशी म्हणतात. महाशिवरात्रीच्या जत्रेला जंगलपट्ट्यातली गावंच्या गावं इथे लोटतात. ज्या मार्कंडेय ऋषींच्या नावाने ही जुनी देवळं उभी आहेत, त्यांच्याच नावाचं एक पुराण आहे. देवीची सप्तशती त्यातलीच. राजा हरिश्चंद्राची सविस्तर कथाही त्याच पुराणात येते.

हरिश्चंद्राचं स्वप्न म्हटलं, की बहुतेकांना आठवतं ते राज्यदानाचं. राजाने स्वप्नात विश्वामित्राला राज्य दिलं आणि सकाळी ऋषी दारात हजर! पुराणात मात्र तसं घडत नाही. तिथे राजा शिकारीला गेलेला असतो, स्त्रियांचा आक्रोश ऐकून धावतो आणि विश्वामित्राच्या साधनेत विघ्न आणतो; राज्य जातं ते त्यातूनच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये हीच शिकारीची कथा घेतली.

पुराणातलं स्वप्न येतं बऱ्याच नंतर. राज्य गेलेलं, काशीत बायको-मुलगा विकलेले आणि स्वतः राजा स्मशानात प्रेतांचं शुल्क गोळा करतोय. एका रात्री थकून त्याचा डोळा लागतो. स्वप्नात तो स्मशानात राबणाऱ्याच घरी जन्म घेतो, शाप ओढवून घेतो, नरकात पडतो, कुत्र्या-गाढवांच्या योनी भोगतो. एका दिवसाची शंभर वर्षं होतात. पुन्हा राजा होतो, तर द्यूतात सगळं गमावतो. (स्मशानात कष्ट करणाऱ्यांबद्दल पुराणकार जे हीन शब्द वापरतो ते आज वाचवत नाहीत, हेही सांगायलाच हवं.)

तो दचकून उठतो आणि आजूबाजूच्यांना विचारतो, माझ्या दुःखाची बारा वर्षं झाली का? नाही, असं उत्तर मिळतं. मग तो देवांना हात जोडतो आणि पुन्हा शुल्काच्या कामाला लागतो. स्वप्नाने त्याच्या दुःखातलं तसूभरही कमी केलेलं नाही. कथेचा खरा कणा इथेच आहे, असं वाटतं.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफही असाच. सतराव्या वर्षी भावांनी त्याला वीस चांदीच्या नाण्यांना विकलं. मिसरच्या तुरुंगात त्याने राजाच्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला. प्यालेबरदार सुटला आणि योसेफाला साफ विसरला. आणखी दोन वर्षं कोठडीत गेली. सात लठ्ठ आणि सात रोडक्या गाईंचं स्वप्न राजाला पडलं तेव्हा कुठे त्याची आठवण झाली. अर्थ सांगून तो थांबला नाही. सुकाळाची सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरत राहिला.

रामायणातल्या सीतेला तर स्वप्नाचाही आसरा नाही. अशोकवनात तिच्यासाठी शुभ स्वप्न पाहते ती त्रिजटा, एक राक्षसी: राम येतोय आणि तेल माखलेला, मुंडण केलेला रावण गाढवावरून दक्षिणेला चाललाय. पुढे हनुमान दिसल्यावर सीतेच्या मनात येतं, की हे स्वप्न नसणार. शोकाने झोपच लागत नाही, तर स्वप्न कुठून पडेल? ही रामकथा महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेयच सांगतात. द्रौपदीच्या हरणाने खचलेला वनवासी युधिष्ठिर त्यांच्यासमोर बसलेला असतो.

इकडे स्मशानात हरिश्चंद्रासमोर त्याची राणी शैब्या साप चावून मेलेल्या मुलाला घेऊन येते. दोघं चितेत उडी घ्यायचं ठरवतात, तोच देव प्रकट होतात. मुलगा रोहिताश्व जिवंत होतो, स्वर्गाचं दार उघडतं. राजा म्हणतो, धन्याच्या परवानगीशिवाय मला निघता येणार नाही. तो धनी म्हणजे वेष पालटलेला धर्मच होता, हे कळल्यावरही त्याचा पाय निघत नाही. अयोध्येची माणसं माझ्यासाठी शोक करत असताना मी एकटा कसा येऊ, असं तो इंद्राला विचारतो. माझ्या पुण्याचा वाटा त्यांनाही द्या, मग त्यांच्यासोबतचा एकच दिवस मिळाला तरी चालेल, हा त्याचा हट्ट. इंद्राला तो मान्य करावा लागतो.