सव्य हात कोणता?

जवळा बाजार येथें आमचें वास्तव्य असल्यामुळें औंढ्याच्या नागनाथाचें दर्शन आम्हांस वारंवार घडतें. शिवालयांत देव उजव्या हातास ठेवून निघावें, सोमसूत्र न ओलांडतां तेथूनच उलट फिरावें, असा प्रदक्षिणेचा विधि आहे. यास सव्यापसव्य म्हणतात. व्यर्थ खटाटोपासहि मराठींत हाच शब्द लागला आहे.

येथें सव्य म्हणजे उजवें. अमरकोशांत मात्र नेमकें उलट आहे : शरीराचा वामभाग तो सव्य, दक्षिणभाग तो अपसव्य. हा पालट कसा झाला? जानवें डाव्या खांद्यावर असतां सव्य, आणि पितृकर्मांत उजव्या खांद्यावर घेतलें कीं अपसव्य. देवकार्याची नित्याची स्थिति ती सव्य, म्हणून सव्य म्हणजे सुलट व सुलट तें उजवें, अशी घसरण झाली असावी असें आम्हांस वाटतें.

शस्त्रविद्येचीं बाडें नकलून घेणाऱ्यांस हा भेद नडतो. अर्जुनाचें सव्यसाची हें नांवच घ्या. विराटपर्वांत (भांडारकर संस्थेची डॉ. रघुवीर यांनीं संपादिलेली प्रत, १९३६) तो उत्तरास आपल्या दहा नांवांचा उलगडा करतो. गांडीव ओढण्यास आपले दोन्ही हात 'दक्षिण' आहेत, असें तो म्हणतो. दक्षिण म्हणजे उजवा आणि कुशलहि. हा श्लेष भाषांतरांत टिकत नाहीं. सव्य म्हणजे उजवा धरला तर या नांवांत विशेष तें काय उरलें? उजव्या हातानें बाण कोणीहि सोडील.

हें सामर्थ्य कमवावें कसें, तें वसिष्ठाच्या नांवावरील धनुर्वेदसंहितेंत सांगितलें आहे. प्रथम वाम हातानें श्रम, म्हणजे सराव, करावा. तसें करणाऱ्यास धनुष्यकर्म लवकर साधतें. वाम सिद्ध झाल्यावर दक्षिणास आरंभ, मग दोहोंनीं. दक्षिणहि सिद्ध झाल्यावर पुन्हां वामानेंच श्रम सांगितला आहे. ग्रंथकारानें येथें सव्य न म्हणतां वाम म्हटलें, हें आपलें भाग्य. हाच क्रम एखाद्या मराठी बाडांत 'सव्य हातें' असा आला आणि नकलकारानें त्याचा 'उजव्या हातें' केला, तर दुबळी बाजू आधीं तयार करण्याचा सारा मुद्दाच बुडेल.

शाळेंत असतां डावखुऱ्या मुलांची लेखणी काढून उजव्या हातीं देण्याचें काम आम्हींहि केलें आहे. त्यांतील एकाचें अक्षर जें बिघडलें तें पुढें सुधारलें नाहीं. संहितेंत वामाचा श्रम सांगितला आहे, वामाचा त्याग नव्हे. परंतु तें वाचलेलें असूनहि तेव्हां ध्यानीं आलें नाहीं.

तेव्हां नकल करतांना 'सव्य' हा शब्द मूळांत असेल तसाच ठेवावा. अर्थ ठरविण्यास आसपासचा मजकूर पाहावा : ढाल कोणत्या हातीं, पुढें पाऊल कोणतें, म्यान कोणत्या कुशीस. ढाल व म्यान बहुधा डावीकडे असतात. इतकें पाहून जो अर्थ निघेल तो टीपेंत द्यावा, मजकुरांत मिसळूं नये.