चिखलात कोंडलेला कार्बन

बोईसरहून मुरब्याला गेलात, तर ओहोटीच्या वेळी खाडीकाठी जरूर उतरा. सडक्या अंड्यांसारखा वास येईल. चिखलात प्राणवायू उरलेला नाही, याची ती खूण. गळलेली पानं, मेलेली मुळं अशा चिखलात फार सावकाश कुजतात आणि तिवरांनी हवेतून ओढलेला कार्बन शतकानुशतकं तिथेच कोंडून राहतो.

युरोपातल्या थंड दलदलींतही हेच घडतं. तिथे स्फॅग्नम शेवाळाचे थर साचून पीट तयार होतं, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. जगातल्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटचा, पण त्यातला कार्बन साऱ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त. शेतीसाठी, इंधनासाठी चर खणून या दलदली कोरड्या केल्या गेल्या. आता तेच चर बुजवून पाणी अडवतात, मग शेवाळ परततं.

आपल्या खाडीत नेमकं उलट करावं लागतं. इथे खारबंदीचे बांध, मिठागरं आणि भराव यांनी भरती अडते. साचलेलं पाणी तापून अधिकच खारट होतं, चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळं सतत पाण्याखाली राहून गुदमरतात. म्हणून आधी पाण्याला वाट द्यावी, रोपं नंतर. भरती नीट खेळू लागली की चिप्पी-तिवराच्या बिया पुष्कळदा आपणच येऊन रुजतात. रोपांचे आकडे मोजणाऱ्या मोहिमांपेक्षा मला एक मोकळी केलेली मोरी मोलाची वाटते.

खाडीची आणखी एक जमेची बाजू आहे. गोड्या पाण्याच्या दलदलीतून मिथेन सुटतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यावर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांना फारसं वाढू देत नाहीत. सडक्या अंड्यांचा तो वास या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनीच सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा.

२००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर बंदी घातली, २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष आला. पण भरतीबरोबर काय आत येतं, हा प्रश्न बोईसरकरांना टाळता येणार नाही. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाची संघटना २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली. सांडपाण्यातले जड धातू चिखलातल्या सल्फाइडला चिकटून बसतात. हा चिखल उपसून उघड्यावर टाकला, की त्याला प्राणवायू मिळतो. मग कार्बन हवेत जातो आणि धातू मोकळे होऊन पाण्यात, तिथून निवट्या-चिंबोऱ्यांत.