रत्न पिकलें, पारखी कोठें?

हातखंब्याच्या तिठ्यावरून आंब्याच्या पेट्या मुंबईस जातात. पेठेंत भाव मात्र पुसला जातो तो हापुसाचाच. हापूस वर्षाआड फळतो व त्यांत साका होतो. कोंकण कृषि विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील संशोधकांनीं नीलम व हापूस यांच्या संकरांतून सिद्ध केलेला ‘रत्ना’ १९८१ सालीं प्रसारित झाला. तो दरसाल फळतो व साक्यापासून मुक्त आहे. पुढें १९९२ सालीं पातळ कोयीचा ‘सिंधु’ आला. विद्वत्तेचें माप केवळ छापलेल्या निबंधांच्या संख्येनें घेणें आम्हांस मान्य नाहीं. संशोधन मराठींतून बागाइतदाराच्या ओटीपर्यंत पोंचविणें हें विद्यापीठाचें कर्तव्य. नांवास न भुलतां गुणास दाम देणें हें व्यापारी बंधूंचें. आपल्याच संशोधकांचे श्रम आपल्याच पेठेस ओळखतां येत नसतील, तर स्वदेशीच्या गोष्टी व्यर्थ होत.